विरळ हवेतली शर्यत

१९ एप्रिल १९७० रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममधून ९६ गाड्या मेक्सिको सिटीच्या दिशेने निघाल्या. निमित्त होतं फुटबॉलच्या विश्वचषकाचं. १९६६ चा अंतिम सामना वेम्बलीवर झाला होता आणि पुढची स्पर्धा मेक्सिकोत व्हायची होती. रस्ता मुद्दाम आडवातिडवा आखलेला, जवळजवळ २५,७०० किलोमीटरचा. २७ मे रोजी शर्यत संपली तेव्हा ९६ पैकी २३ गाड्याच शिल्लक होत्या.

पहिली आली फोर्डची एस्कॉर्ट. गाडीत दोघे : फिनलंडचा हनु मिकोला आणि स्वीडनचा गुन्नार पाम. मिकोलाला तीनच दिवसांपूर्वी अठ्ठाविसावं वर्ष पूर्ण झालं होतं. पण मला या विजयात खरा रस आहे तो बॉनेटखालच्या गोष्टीत. फोर्डकडे तेव्हा लोटसने बनवलेलं १,५५८ सीसीचं ट्विन-कॅम (वर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, असलेलं) इंजिन होतं आणि त्याच्या जोरावर एस्कॉर्ट युरोपातल्या रॅल्या जिंकत होती. असं इंजिन हाताशी असताना मेक्सिकोला जाताना ते काढून ठेवलं आणि घरगुती गाड्यांमधलं जुन्या पद्धतीचं पुशरॉड इंजिन, सिलिंडरचा व्यास वाढवून, बसवलं. असं का केलं याचं उत्तर अँडीज पर्वतात आहे.

आधी रस्ता थोडक्यात. लंडनहून बल्गेरियातल्या सोफियापर्यंत, तिथून उलटं लिस्बनला, मग बोटीने रिओ दि जानेरो. पुढे ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया, पेरू, एक्वादोर, कोलंबिया. कोलंबिया आणि पनामा यांच्यामध्ये दरीएनचं जंगल आहे, तिथे आजही रस्ता नाही. म्हणून पुन्हा बोट. (दीड वर्ष आधीच्या लंडन-सिडनी शर्यतीतही समुद्रामुळे असंच करावं लागलं होतं. तेव्हा गाड्या आपल्या मुंबईत बोटीवर चढल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला उतरल्या.) खरी कसोटी होती बोलिव्हिया आणि पेरूमध्ये. तिथले रस्ते चार हजार मीटरच्याही वर चढतात, आणि कुस्को ते हुआनकायो हा वेळ लावून पळायचा एकच टप्पा सुमारे ९०० किलोमीटरचा होता.

चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६१ टक्क्यांच्या आसपास असतो आणि घनता साधारण दोन तृतीयांश. इंजिनाचा सिलिंडर दर फेरीला हवा घेतो ती आकारमानाने, वजनाने नाही. म्हणजे घोट तेवढाच, पण त्यातला प्राणवायू एक तृतीयांशाने कमी. एस्कॉर्टचं इंजिन १४० अश्वशक्तीच्या घरातलं होतं. या उंचीवर त्यातली नव्वदेक उरते.

ताकद सगळ्यांचीच कमी होते, त्यामुळे तेवढ्याने कोणी हरत नाही. घोळ होतो तो कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब पडतो आणि त्या ओढीने जेटमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, पेट्रोल वर येतं. चांगल्या ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. आता गंमत अशी, की हवेची घनता घटते त्या प्रमाणात पेट्रोल घटत नाही. ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. दोन तृतीयांशाचं वर्गमूळ ०.८२. हवा ६७ टक्के आणि पेट्रोल ८२ टक्के, म्हणजे मिश्रणात गरजेपेक्षा वीसेक टक्के पेट्रोल जास्त. प्लग काळे पडतात, काळा धूर निघतो, गाडी पिकअप घेत नाही. जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट घेऊन लडाखला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उपाय म्हणजे बारीक भोकाचे जेट घालायचे, पण तेच जेट ठेवून खाली किनाऱ्यावर उतरलात तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. धुरातला प्राणवायू मोजून पेट्रोल आपोआप कमीजास्त करणारा लॅम्डा सेन्सर व्होल्वोने गाडीत बसवला तो १९७६ मध्ये.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचंही तेच. चार हजार मीटरवर उघडं पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आत जादा दाब धरून ठेवतं, पण हा दाब बाहेरच्या दाबावर चढवलेला असतो. झाकण ०.७ बारचं धरलं, तर समुद्रसपाटीला ११५ अंशांपर्यंत तग धरणारं पाणी इथे १०७ लाच उकळू लागतं. शिवाय रेडिएटरमधून जाणारी हवा विरळ, ती उष्णता कमी नेते. बरं इतकंच, की ताकद घटल्याने इंजिन उष्णताही कमी तयार करतं आणि बाहेर गारठा असतो. तरी घाटात खालच्या गिअरमध्ये, जास्त आरपीएमवर आणि कमी वेगाने तासन्‌तास चढायचं म्हटलं की तापमानाचा काटा वर सरकतोच.

ट्विन-कॅमची दुखरी नस नेमकी इथे होती. त्याचा हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचा आणि खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दोघांच्या मधल्या पातळ गॅसकेटवर प्रत्येक तापण्या-निवण्यात घासाघीस होते. युरोपातल्या रॅलीत हे चालून जातं, कारण रोज रात्री मेकॅनिक दिमतीला असतात. अँडीजमध्ये हेड गॅसकेट उडालं तर कोणाला हाक मारणार? फोर्डने निवडलेल्या पुशरॉडच्या ‘केंट’ इंजिनात हेडही बिडाचा, ब्लॉकही बिडाचा; दोन्ही सारखेच ताणतात. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि लांब दांड्यांमधून, म्हणजेच पुशरॉडमधून, व्हॉल्व्ह उघडतो. त्या दांड्यांच्या वजनामुळे हे इंजिन फार वर फिरवता येत नाही. पण गावातल्या गॅरेजवाल्यालाही ते उघडता येतं.

हवेची हीच उणीव माणसांनाही भोगावी लागली. अमेरिकेत विमानचालकांसाठी नियम आहे : केबिनमध्ये दाब राखलेला नसेल, तर साडेबारा हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे ३,८०० मीटरच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं झाल्यास प्राणवायू घ्यायचा. कारण पहिला बळी जातो तो विचारशक्तीचा. आकडेमोड चुकते, आणि चुकतेय हे कळतही नाही. पामचं काम तर अख्खं आकडेमोडीचंच : शेजारी बसून पुढचं वळण सांगायचं, वेळेचा हिशेब ठेवायचा. म्हणून एस्कॉर्टमध्ये प्राणवायूची सोय केलेली होती. मला तर वाटतं, इंजिनाच्या निवडीइतकाच हा निर्णय शहाणपणाचा होता. फक्त त्याची चर्चा कोणी करत नाही.

मग साधं तेवढंच टिकलं का? तसं सरसकट म्हणता येत नाही. दुसरा क्रमांक मिळवला ब्रायन कल्चेथच्या ट्रायम्फ २.५ पीआयने, आणि त्या गाडीत कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल दाबाने फवारणारं इंजेक्शन होतं, त्या काळातलं चांगलंच नखरेल. त्याचा विजेवरचा पंप उकाड्यात तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागच्या जागी बसायची, अशी ख्याती. तरीही ती मेक्सिकोला पोहोचली. इंग्लंडचा फुटबॉलपटू जिमी ग्रीव्ह्ज, ज्याला १९६६ चा अंतिम सामना बाहेर बसून बघावा लागला होता, तो रॅलीचालक टोनी फॉलसोबत आणखी एका एस्कॉर्टमधून सहावा आला.

फोर्डने त्याच वर्षी ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ नावाची गाडी विकायला काढली. गिऱ्हाइकाला रॅलीची गाडी मिळाल्यासारखं वाटावं, हा हेतू. इंजिन १,६०० सीसीचं, केंट घराण्यातलं, पुशरॉडवालंच.