रिस्टोअर केलेली गाडी आणि बदलून घेतलेली गाडी

‘फियाट ११०० डिलाइट, १९६७, फुल रिस्टोअर्ड. मारुतीचं इंजिन, फ्लोअर गियर, अलॉय व्हील्स, मॅट ब्लॅक रंग, आत बेज लेदर.’ अशी जाहिरात सारखी कुठे ना कुठे दिसते आणि खाली अभिनंदनाची रांग लागलेली असते. गाडी देखणी असते, मेहनत खरी असते, पैसाही भरपूर ओतलेला असतो. पण ती गाडी रिस्टोअर केलेली नाही, बदलून घेतलेली आहे. दोन्ही कामं चांगली आहेत. दोन्ही एकच समजून घरच्या गॅरेजमध्ये पाना हातात घेतला की मात्र घोळ होतो आणि दोन वर्षांनी ताडपत्रीखाली जे उभं राहतं, ते धड हे नसतं, धड ते नसतं.

गाडी बदलून घेणं म्हणजे काय, हे समजावण्यात जागा घालवत नाही. जीपला मोठे टायर, बुलेटला वेगळा सायलेन्सर, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मालकाला जे आवडतं ते बसवायचं. रिस्टोरेशनमध्ये मालकाच्या आवडीला फारशी जागाच नसते. ती गाडी ज्या साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडली, त्या साली तिच्यात जे होतं, ते पुन्हा उभं करायचं. यात ‘त्या साली’ महत्त्वाचं. नव्वदच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सनेच अॅम्बॅसेडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन बसवलं, म्हणून १९६५ च्या अॅम्बॅसेडरमध्ये ते टाकणं रिस्टोरेशन ठरत नाही. इंजिन कंपनीचं, पण गाडीच्या सालाचं नाही. पुढचे दरवाजे उलटे उघडणाऱ्या जुन्या ‘डुक्कर’ फियाटला नंतरच्या पद्मिनीची समोरची जाळी लावणारेही हाच घोळ घालतात.

किरकोळ फरक पटकन उरकतो. रिस्टोरेशन महाग आणि बदल स्वस्त, असं काही नाही, उलटही होतं. चकाकीवरून काहीच ओळखता येत नाही. कारखान्यातून साध्या रंगात आलेल्या भागांवर क्रोम चढवलेल्या ‘रिस्टोअर्ड’ गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत आणि त्या बघवत नाहीत. रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात नोंद लागते, मग गाडी नवी असो की जुनी. इंजिन बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित मोठे करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकले म्हणून कोणी नाक मुरडू नये. १०८९ सीसीचं इंजिन झिजल्यावर कंपनीचीही दुरुस्तीची पद्धत तीच होती.

आता ज्यावर लोक खरोखर अडखळतात ते. बहुतेकांना वाटतं, किती सुटे भाग बदलले यावर सगळं ठरतं. दहा बदलले तर रिस्टोअर, पन्नास बदलले तर मॉडिफाय. खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्यानंतर गाडी घेणाऱ्याने ठरवलं, तर त्याला कारखान्यातल्या गाडीपर्यंत परत जाता येईल का? परतीची वाट उघडी असेल तर गाडी अजून तीच आहे, तिने फक्त वेगळे कपडे घातले आहेत. वाट बंद झाली असेल, तर काम कितीही सुबक असो, ती दुसरी गाडी झाली. जुन्या गाड्यांच्या संस्थांचा जागतिक महासंघ फिव्हा, त्यांच्या तुरिन सनदेतही हाच धागा आहे: बदल करावाच लागला तर तो उलटवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपा.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे, ‘ठीक आहे, मी काही कापत नाही, म्हणजे मी सुरक्षित.’ इथेच दुसरी गफलत होते. हँडगियरचं उदाहरण घ्या. जुन्या फियाटचा गियर स्टिअरिंगला. सवय नसलेल्या माणसाला तो नको असतो, मग मेकॅनिक फ्लोअर गियर करून देतो. त्यासाठी फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यात, म्हणजे टनेलमध्ये, मुठीएवढं भोक पडतं आणि मालकाचा जीव त्या भोकात अडकतो. भोक ही क्षुल्लक गोष्ट आहे. पत्र्याचा तुकडा घेऊन कोणताही वेल्डर ते अर्ध्या दिवसात बुजवून देईल. खरं नुकसान त्याच संध्याकाळी कोपऱ्यात होतं. स्टिअरिंग कॉलमवरचा दांडा, त्याचे लिव्हर, खालच्या सळया, बुश, सगळं एका गोणीत जातं आणि गोणी भंगारवाल्याकडे जाते. पुढे कोणाला हँडगियर परत बसवायचा असेल, तर तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत दुकानामागून दुकान फिरेल, आणि मिळालाच तर दुसऱ्या कोणाच्या मरणपंथाला लागलेल्या गाडीतून काढलेला, खुळखुळणारा. म्हणून गॅरेजमध्ये माझा एक कडक नियम आहे आणि तो मी सगळ्यांना सांगत असतो: गाडीतून निघालेली एकही वस्तू वर्षभर बाहेर जाणार नाही. बोल्टसुद्धा पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर कुठून निघाला ते. तुटका भागही ठेवायचा, कारण नवा घडवताना नमुना तोच असतो.

उलट बाजूने पाहिलं, तर रिस्टोरेशनमध्ये कापाकापी भरपूर असते. दारांखालची पट्टी, गॅरेजवाले जिला सिल म्हणतात, ती बघा. चाकांनी उडवलेला चिखल आत जातो, पाणी निघायची भोकं बुजलेली असतात, आणि आपल्या पावसाळ्यात पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून गाडी ठणठणीत दिसते, कारण मागच्या मालकाने वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो. लोहचुंबक रुमालात गुंडाळून त्या पट्टीवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे वर पत्रा नाही, लांबीचा जाड थर आहे. ती खरवडायची, सडलेला पत्रा ग्राइंडरने कापायचा आणि नवा घालायचा. हे रिस्टोरेशनच आहे, कारण कापलेल्या जागी जे जातं ते मूळच्याच आकाराचं, मूळच्याच जाडीचं आणि मूळच्याच जागी. जाडी व्हर्नियरने मोजा, अंदाजाने पत्रा आणू नका.

ही गोष्ट फियाटमध्ये एवढी गंभीर का, तेही सांगायला हवं. जीपला खाली वेगळी चासी असते. वरची बॉडी उचलून ठेवली तरी खालचा सांगाडा सरळ राहतो. फियाट ११०० ला तशी चासी नाही. फ्लोअर, सिल, खांब, छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापून गाडी पुढे-मागे जॅकवर ठेवली तर ती मधून बसते. वेल्डिंग पूर्ण होतं, रंग होतो आणि मग कळतं की मागचा दरवाजा लागत नाही. म्हणून कापण्याआधी चारही दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या. दार काढून चौकटीत तिरपा लोखंडी पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवायचा. स्टँड चाकांच्या जवळ द्यायचे, वजन नेहमीच्याच जागी पडू द्यायचं. एका वेळी एकच बाजू. वेल्डिंग सीओटूचं करा. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा तापून वाकतो आणि मग तो वाक लपवायला पुन्हा लांबी येते. आतल्या पोकळीत शेवटी मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचं, आणि पाणी निघायची भोकं उघडी ठेवायची. एवढं सगळं करूनही बाहेरून काहीच दिसत नाही. या कामाला शाबासकी मिळत नाही, पण ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने रिस्टोरेशनच्या वाटेला जाऊच नये.

आता याच सांगाड्यावर दुसरं इंजिन बसवायचं म्हणून पुढचे माउंटिंग, म्हणजे इंजिन टेकायच्या जागा, कापणं, रेडिएटरला जागा व्हावी म्हणून समोरचा पत्रा उडवणं, हा कायमचा बदल. करायचा तर जरूर करा, पण बदल म्हणून करा. मूळ इंजिन कोपऱ्यात जपून ठेवलंय, हे पुरेसं नाही. ते बसायची जागाच राहिली नसेल तर उपयोग काय? ‘सगळं ओरिजिनल, फक्त इंजिन बदललंय’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

सुरक्षिततेच्या आणि भरवशाच्या कामांना मी वेगळा न्याय लावतो. डेल्कोमधले (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) सीबी पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं, डायनमोच्या जागी अल्टरनेटर, ही पान्याने होणारी आणि पान्याने उलटवता येणारी कामं आहेत. जुने भाग डिकीत ठेवा आणि निर्धास्त गाडी चालवा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप तर बदललेच पाहिजेत. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि गळती होते गरम इंजिनाजवळ. सीटबेल्ट अडकवायला मूळ अँकर नसतील, तर खांबात भोक पाडून मागे जाड पट्टी वेल्ड करून बेल्ट लावा. हा कायमचा बदल आहे आणि तरीही तो करावा, घरची माणसं त्या गाडीत बसणार असतील तर नक्कीच. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला घरी वेल्डिंग लावायचं नाही. हे कोणत्याही गटात मोडत नाही, पण जीव जातो.

आतल्या सीट, छताचं कापड, डॅशबोर्ड यांबद्दल माझं मत ठाम आहे. जे टिकलंय ते राहू द्या. थोडं फाटलेलं मूळ रेक्झिन हे बेज लेदरपेक्षा केव्हाही मोलाचं, कारण तसं रेक्झिन पुन्हा कुठे मिळणार नाही.

हा फरक फक्त हौशी लोकांच्या वादापुरता राहिलेला नाही, कायद्यातही तो आलाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलं. इंजिन बदलण्यासारख्या ठराविक गोष्टींना आधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते. चासी नंबरावर तर ग्राइंडर किंवा लांबी चुकूनही जाऊ देऊ नका. रंगाच्या आधी त्यावर टेप लावा आणि पेंटरला स्वतः दाखवून ठेवा. गाडी नावावर करताना तो नंबर वाचता आला नाही, तर पुढची सगळी मेहनत अडकून पडते.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे रोज ऑफिसला न्यायची असेल, तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही.

पद्मिनी हे नाव फियाट ११०० ला १९७४ च्या सुमारास मिळालं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिन्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडताहेत, आणि नेमक्या त्याच गाड्या सध्या सर्वांत जास्त कापल्या जाताहेत, कारण त्या ‘काही फार जुन्या नाहीत’ असं अजून वाटतं. तुमच्या दारात अशी एखादी असेल, तर आधी आरसी बुक काढून पहिल्या नोंदणीची तारीख बघा आणि मगच तिच्या फ्लोअरला हात लावा.