ज्यांची गणती, त्यांच्याच हाती फॉर्म

जुलै 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या झोपड्यांबाबतच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात मान्य झालं. मात्र रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची मुभाही मुंबई महापालिकेला मिळाली. पावसाळा संपला की झोपड्या तुटणार, हे भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांना कळून चुकलं. त्यांची कुटुंबं झोपडपट्ट्यांच्या सरकारी गणतीत धरलेलीच नव्हती. ज्यांची नोंदच नाही, त्यांचं पुनर्वसन तरी कोण करणार?

आदल्याच वर्षी सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने या बायकांना सोबत घेऊन पाहणी केली. सुमारे 6,000 कुटुंबं आणि 27,000 माणसं मोजली गेली. फुटपाथवर काल-परवा आलेले उपरे राहतात, हा समज तिथेच कोसळला. अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच होती. बहुतेक जण कामावर चालत जात. लांब राहायला गेलं तर गाडीभाडंच परवडलं नसतं.

या पद्धतीला सहभागी संशोधन म्हणतात. तिची खरी ताकद विचारणारा कोण आहे, यात असते. अनोळखी माणूस फॉर्म घेऊन दारात आला की झोपडी तुटण्याच्या भीतीने लोक माहिती दडवतात, किंवा काही मिळेल या आशेने वाढवून सांगतात. शेजारणीपुढे असं करणं अवघड जातं. वस्तीचा कच्चा नकाशा काढायचा, प्रत्येक दारावर नंबर घालायचा आणि भरलेली यादी सगळ्यांसमोर वाचायची. कुणी सुटलं असेल, कुणाचं नाव दोनदा आलं असेल, तर तिथेच वाद होतो आणि तिथेच दुरुस्ती. आपल्या वस्तीत किती नळ, किती संडास, किती विधवा, हे एकदा कळलं की बैठकीत मागण्याही नेमक्या होतात. 1986 मध्ये याच बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली, ती मला या पाहणीची आकड्यांहून मोठी कमाई वाटते.

पुढे रेल्वेमार्गांलगतच्या झोपड्यांच्या गणतीतही वस्तीतले लोक उतरले, आणि रुळांलगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनात अशा याद्यांचा मोठा उपयोग झाला. फुटपाथवासीयांना सरकारी पुनर्वसन धोरणात जागा मिळायला मात्र 1995 उजाडलं.

लोकांनी स्वतःची गणती केली तर ती पक्षपाती होणार, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. उघड वाचनाने तो बराचसा निकाली निघतो. पण पूर्ण नाही, कारण वस्तीतही सगळ्यांचं वजन सारखं नसतं. झोपडीमालकासमोर भाडेकरू आपण भाडं भरतो हे सांगायला कचरतो, आणि यादीवर पुढे घर मिळणार असेल तर ते गप्प बसणं फार महागात पडतं. म्हणून यादी कायम करण्याआधी भाडेकरूंची वेगळी बैठक घ्यायला हवी, आणि हरकती नोंदवायला पुरेसा वेळही द्यायला हवा.