पत्ता बदलणारं प्रथिन

इंदूरच्या सराफ्यात दिवसभर सोन्याचे व्यवहार चालतात आणि रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांवर भुट्ट्याचा कीस मिळतो. जागा एक, धंदे दोन. यीस्टच्या पेशीत नेमकं उलटं आहे: प्रथिन एकच, पण ते केंद्रकात आहे की बाहेर, यावर त्याचा धंदा ठरतो.

त्याला हलवतं कोण? प्रथिनाचा पत्ता त्याच्या रचनेतच लिहिलेला असतो, हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पण तोवर हेही कळू लागलं होतं की पत्ता परिस्थितीप्रमाणे बदलतो. १९९७ मध्ये मिग-१ या प्रथिनाबद्दल दिसलं, की ग्लुकोज मिळताच ते केंद्रकात शिरतं आणि ग्लुकोज संपलं की काही मिनिटांत बाहेर पडतं. मात्र ग्लुकोज त्याला स्वतः हात लावत नाही. बाहेर काढायचं काम स्नफ-१ हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) त्याला फॉस्फेट चिकटवून करतं. म्हणजे निरोप मध्यस्थामार्फत.

मध्यस्थाशिवायचं उदाहरण २००४ मध्ये आलं, आणि मला तेच सगळ्यात गमतीचं वाटतं. ओपी-१ हे प्रथिन इनोसिटॉल, म्हणजे मेद बनवायला लागणारा एक घटक, तयार करणारी जनुकं बंद ठेवतं. एरवी ते केंद्रकाबाहेरच्या पटलावर अडकून असतं, कारण तिथलं फॉस्फॅटिडिक आम्ल त्याला धरून ठेवतं. पेशीला बाहेरून इनोसिटॉल मिळालं की मेद बनवताना हे आम्ल खर्ची पडतं, पकड सुटते, ओपी-१ केंद्रकात जातं आणि घरचं उत्पादन थांबतं. बाजारात स्वस्त मिळालं की घरी कोण करत बसतं! पुढे २०१० मध्ये कळलं की पेशी उपाशी राहून आतली आम्लता वाढली, तरीही ही पकड ढिली होते.

एकेका प्रथिनामागे धावण्यापेक्षा सगळ्यांवर एकदम नजर ठेवता आली ती २००३ नंतर. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी यीस्टच्या ४,१५६ प्रथिनांना जेलीफिशचं चमकणारं हिरवं प्रथिन जोडून त्यांच्या जागा नोंदवल्या होत्या. हाच संग्रह वापरून २००९ मध्ये टेक्सासच्या गटाने पेशींची उपासमार केली, तेव्हा एरवी पेशीद्रवात विखुरलेली कितीतरी विकरं ठिपक्यांत गोळा झालेली दिसली. त्यांतलं एक एडीई-४, डीएनएला लागणारी प्युरीन नावाची संयुगं बनवणारं. अ‍ॅडेनीन हे असंच एक प्युरीन; पेशींच्या अन्नातून ते काढून घेतलं की त्याचे ठिपके जमतात. परत घातलं की विरघळतात.