'आता मोडलंच आहे तर...'

लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट येतं. महिनाभर डाएटवर असलेली मावशी आधी पानावर हात आडवा धरते, मग आग्रहाला बळी पडून एक घेते. एका जिलबीने तसं काहीच बिघडत नाही. पण 'आता मोडलंच आहे तर' म्हणत ती आणखी दोन घेते, वर मसालेभात, आणि डाएट पुन्हा सोमवारपासून!

अमेरिकेत 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत पाहिली. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं: चव सांगा, हवं तेवढं खा. एरवी बिनधास्त खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत पहारा ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. पुढच्याच वर्षी जॅनेट पॉलिव्ही यांनी पुडिंग देऊन पाहिलं. अशा पहारेकऱ्यांच्या बाबतीत पुडिंगमध्ये खरोखर कॅलरी किती, याला महत्त्व नव्हतंच. 'हे भारी कॅलरीचं आहे' असं नुसतं सांगितलं तरी ते पुढे जास्त खात. म्हणजे बांध पोटात नाही, डोक्यात फुटतो.

डाएट टिकण्यातली दुसरी अडचण अपेक्षेची. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 99 किलो वजनाच्या 60 स्त्रियांना विचारलं होतं, किती उतरलं तर चालेल? त्यांचं उद्दिष्ट होतं जवळजवळ एकतृतीयांश वजन घटवण्याचं. 25 किलो म्हणजे 'ठीक', 17 किलो म्हणजे निराशा. 48 आठवड्यांच्या उपचारांनंतर प्रत्यक्षात सरासरी 16 किलो उतरलं. कुठल्याही डॉक्टरने पाठ थोपटावी असा हा आकडा, आणि जवळपास निम्म्या जणींना तो आपल्या 'निराशे'च्याही खालचा! अशा वेळी माणूस उपचार सोडतो तो आळसाने, हे मला पटत नाही. खरं तर वजन थोडं उतरलं तरी फायदा मोठा असतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लक्ष्य फक्त 7 टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायामाचं होतं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं.

नैराश्य किंवा आवर न घालता येणारे खाण्याचे झटके असतील, तर मात्र त्यांवर वेगळे उपचार हवेत. तिथे डाएटचा तक्ता हातात देऊन भागत नाही.

एरवी साधी वही बरीच कामाची ठरते. काय खाल्लं, कुठे, भूक होती का, मन कसं होतं, एवढंच लिहायचं. अडचण एकच, घसरलेल्या दिवशी वही उघडावीशीच वाटत नाही. म्हणून समुपदेशक त्याच दिवसाची नोंद मागतात, आणि ती वाचून रागावत नाहीत. मावशीच्या वहीत त्या दिवशी एवढंच हवं: जिलबी 3, लग्न, भूक पहिलीपुरतीच.