तलफ आणि ताणाचे नियोजन (व्यसनमुक्ती, मराठवाडा)

दारू किंवा इतर नशा सोडलेल्या माणसाला पुन्हा तिकडे ओढणारे प्रसंग, माणसे, जागा आणि भावना आधीच हेरून त्यांची तयारी ठेवण्याची पद्धत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट व ज्युडिथ गॉर्डन यांच्या १९८५ मधील मांडणीनुसार एकदा पाय घसरणे म्हणजे व्यसनात परतणे नव्हे. ‘आता प्यालोच आहे, तर राहिलं काय’ हा विचार पुढचे नुकसान करतो.

मराठवाड्यात तलफ बरीचशी पिकापाण्यामागे चालते. पावसाने दडी मारली, सोयाबीन वाळू लागले, सावकाराचा तगादा सुरू झाला की जोखीम वाढते, हे घरच्यांना कळते. ध्यानात येत नाही ती आनंदाची बाजू. मोंढ्यात माल घालून मिळालेली पट्टी (विक्रीचे पैसे), पोळ्याची कर (सणाचा दुसरा दिवस), बीडकडच्या ऊसतोड मजुराला मुकादमाने दिलेली उचल: खिशात रोकड, सोबतीला जुने दोस्त आणि परतीच्या वाटेवर ढाबा. म्हणून पट्टी घ्यायला भावाला किंवा बायकोला सोबत न्यावे, पैसे खात्यावर घ्यावेत, वाट बदलावी. उपाय साधे आहेत, पण ते आदल्या दिवशी ठरलेले हवेत.

लग्नात ‘एवढ्यानं काय होतंय, माझी शपथ’ असा आग्रह होतो. ‘गोळ्या चालू आहेत’ हे उत्तर तयार असले की अडखळायला होत नाही. माळकऱ्याला सहसा कोणी आग्रह करत नाही, त्यामुळे तुळशीची माळ इथे चांगली ढाल ठरते. मात्र ती औषधोपचाराची जागा घेत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडल्यास थरथर, फिट किंवा भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जागा सोडणे, काही खाणे, विश्वासातल्या माणसाला फोन लावणे उपयोगी पडते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्था आधी तपासाव्यात. रात्री पिकाला पाणी देऊन जागरण झालेल्या माणसात यांतल्या दोन-तीन एकदम सापडतात.

दारू सुटावी म्हणून चहात किंवा भाजीत गुपचूप गोळी कालवण्याचा प्रकार घातक आहे. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध पोटात असताना दारू गेल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगूनच देतात. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तिथे मराठीत बोलता येते.