कॅमेऱ्याची काठी आणि आपले दोन पाय

बैल सोडून ठेवलेल्या बैलगाडीच्या जुवाखाली एक दांडा टेकवलेला असतो. दोन चाकांमुळे गाडी डावीकडे किंवा उजवीकडे कलंडत नाही, परंतु बैल नसताना ती पुढे झुकते, आणि तेवढीच एक हालचाल तो दांडा रोखून धरतो. मोनोपॉड ही कॅमेऱ्याखाली लावायची एकपायी काठी याच रीतीने काम करते, फक्त येथे चाकांची जागा छायाचित्रकाराचे दोन पाय घेतात. तिला ट्रायपॉडचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिपाईचा, एक तृतीयांश भाग समजणारे लोक तिच्याकडून ट्रायपॉडच्या एक तृतीयांश स्थैर्याची अपेक्षा करतात. हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो, कारण कॅमेऱ्याच्या सगळ्या हालचाली छायाचित्राचे सारखेच नुकसान करत नाहीत.

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांमध्ये आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या काठी सारस पक्ष्यांच्या जोड्या दिसतात. पक्षी माणसाएवढा उंच असला, तरी तो जवळ येऊ देत नाही. समजा, पहाटेच्या मंद प्रकाशात ६० मीटर अंतरावरून, ३०० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या, म्हणजे दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या, लेन्सने आपण त्याचे छायाचित्र घेत आहोत आणि शटर सेकंदाचा ६० वा भाग उघडे राहणार आहे. हातात धरलेला कॅमेरा या वेळी सेकंदाला अर्धा अंश इतक्या सावकाश गतीने खाली झुकत असेल, तरी शटर बंद होईपर्यंत सेन्सरवरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची, प्रतिमा सुमारे ४४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) सरकते. २४ मेगापिक्सेलच्या, मध्यम आकाराच्या सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी जवळपास ४ मायक्रॉन असते. म्हणजे सारसाचा डोळा एका ठिपक्याऐवजी ११ पिक्सेल लांबीची रेघ होऊन उमटतो. शटरचा काळ सेकंदाचा ५०० वा भाग केला, तर हीच रेघ एका पिक्सेलहून किंचित मोठी राहते, पण तेवढा प्रकाश पहाटे नसतो. फोकल लेंग्थ जितके मिलिमीटर, तितक्याव्या भागाहून शटरचा काळ जास्त ठेवू नये, हा छायाचित्रकारांचा जुना नियम याच गणितातून आलेला आहे, आणि लहान सेन्सरसाठी तो आणखी कडक होतो.

आता कॅमेरा कोणत्या दिशांनी फिरू शकतो ते पाहू. होकार देताना मान हलते तसा तो वर-खाली झुकतो, नकार देताना हलते तसा डावी-उजवीकडे वळतो, आणि कान खांद्याकडे न्यावा तसा बाजूला कलतो. पहिल्या दोन हालचालींत प्रतिमेचे सरकणे फोकल लेंग्थच्या पटीत वाढते, म्हणून लांब पल्ल्याच्या लेन्सला त्या सर्वांत घातक ठरतात. तिसरीचे तसे नाही. वरच्याच उदाहरणात कॅमेरा त्याच गतीने बाजूला कलला, तर चित्राच्या मध्याशी काहीच सरकत नाही आणि अगदी कडेलाही सरकणे अर्ध्या पिक्सेलच्या आत राहते. मोनोपॉडवर टीका होते ती नेमकी हा बाजूचा कल रोखत नाही म्हणून. काठी दीड मीटर उंच असेल, तर या कलण्याबरोबर कॅमेरा साधारण ०.२ मिलिमीटर बाजूला सरकतो खरा, पण ६० मीटरवरील पक्ष्याच्या प्रतिमेत हे सरकणे पाव पिक्सेलच्या आसपास भरते. म्हणजे काठी जो दोष शिल्लक ठेवते, तो दूरच्या विषयासाठी जवळजवळ निरुपद्रवी असतो. अगदी जवळून टिपायच्या फुलाच्या किंवा किड्याच्या बाबतीत मात्र हे लागू नाही, कारण तेथे कॅमेऱ्याचे सरकणेच चित्र बिघडवते आणि पुढे-मागे डोलण्याने फोकसही सुटतो.

घातक असलेले झुकणे काठी कसे आवरते, हे तरफेच्या नियमाने समजते. हातात कॅमेरा धरताना एक आधार डोळ्यापाशी आणि दुसरा लेन्सखालच्या डाव्या तळहातावर असतो, आणि या दोहोंत जेमतेम २० सेंटिमीटर अंतर असते. त्यातला एक आधार १ मिलिमीटर हलला, की कॅमेरा २०० मध्ये १ या प्रमाणात झुकतो. काठीवर पक्का बसवलेला कॅमेरा मात्र दीड मीटर खाली, जमिनीवरच्या टोकाभोवती फिरतो. डोक्याच्या त्याच १ मिलिमीटर हालचालीने तो १,५०० मध्ये १ एवढाच झुकतो, म्हणजे साडेसात पटींनी कमी. कॅमेरा आणि काठी यांचा सांधा ढिला असला, तर हा सगळा फायदा नाहीसा होतो, कारण मग लांब तरफ उरतच नाही. मोनोपॉडवर सैल बॉलहेड, म्हणजे कॅमेरा सगळीकडे वळू देणारा गोळ्याचा सांधा, लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

काठीचा दुसरा उपकार स्नायूंवर होतो. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला सुमारे ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप पावत असतो आणि स्नायू थकले की हा कंप वाढतो. दोन किलोंचा कॅमेरा डोळ्याला लावून सारस मान वर काढण्याची दहा मिनिटे वाट पाहिल्यावर काय होते, हे अनुभवाने कळते. काठी ते वजन जमिनीवर उतरवते. याखेरीज एक गोष्ट वजनाशी संबंधितच नाही. जेम्स लॅकनर आणि जॉन जेका या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की अवघड पवित्र्यात उभ्या असलेल्या माणसाने स्थिर वस्तूला बोटाचे टोक नुसते लावले, तरी त्याच्या शरीराचे डोलणे लक्षणीय प्रमाणात घटते. हा स्पर्श एक न्यूटनहून, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाच्या दाबाहून कमी असल्याने तो शरीराला पेलून धरू शकत नाही. मात्र शरीर कोणत्या बाजूला झुकत आहे, याची खबर तो मेंदूला देतो आणि पायांचे स्नायू वेळेवर सावरतात. काठीवर हनुवटी टेकवून तासन्‌तास गुरे राखणारा गुराखी या दोन्ही गोष्टींचा लाभ घेत असतो.

म्हणून काठी समोर सरळ रोवून तिच्यामागे ताठ उभे राहण्यापेक्षा तिचे टोक थोडे पुढे टेकवावे, पाय खांद्यांएवढे रुंद ठेवावेत आणि अंगाचा किंचित भार काठीवर द्यावा, म्हणजे बैलगाडीप्रमाणे तीन टेके तयार होतात. काठी स्वतःभोवती मोकळी फिरू शकते, त्यामुळे कॅमेऱ्याचे डावी-उजवीकडे वळणे डाव्या हातानेच आवरावे लागते. एवढे साधले, की शटरचा काळ साधारण चौपट लांबवता येतो, म्हणजे सेकंदाच्या ३२० व्या भागाऐवजी ८० वा भाग पुरतो. लेन्समध्ये कंप भरून काढणारी यंत्रणा असल्यास काठीवर ती सुरूच ठेवावी, कारण काही कंप शिल्लक असतोच.

हे मोकळे फिरणे शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, गुण ठरते. समजा, पटावर एक जोडी सेकंदाला १० मीटर वेगाने धावत असेल, तर सेकंदाच्या ६० व्या भागात ती सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जाते आणि स्थिर कॅमेऱ्याच्या चित्रात पुसट होते. कॅमेरा जोडीबरोबर फिरवला, तर बैलांचे चेहरे स्पष्ट येतात आणि मागची गर्दी आडव्या रेषांमध्ये विरघळते. त्यासाठी आडवे वळणे मोकळे आणि वर-खाली झुकणे बांधलेले हवे. मोनोपॉडची रचना नेमकी अशीच आहे; या कामात मी तो ट्रायपॉडहून सरस मानतो.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांत अडचण जागेची असते. वडसा परिसरातील कंपन्यांचे प्रयोग रात्रभर चालतात, मंडपात माणसे खेटून बसलेली असतात आणि तेथे तीन पाय पसरणे म्हणजे चार जणांची जागा अडवणे होय. एका काठीला मात्र दोन मांड्यांमधली जागा पुरते. अर्थात काठी कॅमेरा स्थिर करते, नटाला नाही. तलवार उगारलेला हात सेकंदाच्या ६० व्या भागात पुसटच येणार. संवादाच्या मधला थांबा पाहून बटण दाबणे एवढेच आपल्या हाती उरते.

जंगल सफारीच्या जीपमध्ये इंजिन सुरू असेल, तर काठी पत्र्यावर टेकवू नये, कारण इंजिनाची सगळी थरथर तिच्यातून सरळ कॅमेऱ्यात चढते. ताडोब्यात मी काठी बाजूला ठेवून तुरीने अर्धी भरलेली कापडी पिशवी वापरतो. दाण्यांमधील घर्षणाने ती लेन्सच्या आकाराची होऊन घट्ट बसते. पावसाळ्यात काळ्या मातीत काठीचे टोक वीतभर रुतते, तेव्हा खाली चपटा दगड किंवा लाकडाची फळी घ्यावी.

काठी निवडताना नळीच्या जाडीकडे पाहावे. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला तिचा विरोध सुमारे आठपट होतो, म्हणून सर्वांत खालची बारीक नळी शेवटी आणि गरजेपुरतीच बाहेर काढावी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही पोकळ नळी निसर्गतःच मिळते. माझी पहिली काठी वेळूचीच होती. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेले छिद्र पाव इंच व्यासाचे आणि इंचाला २० आट्यांचे असते. हार्डवेअरच्या दुकानात त्यासाठी दोन सुती, म्हणजे पाव इंची, बोल्ट मागावा. छिद्राची खोली जेमतेम ५ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे वेळूच्या पेरात ठोकलेल्या लाकडी खुंटीत बोल्ट पक्का बसवल्यावर त्याचे तेवढेच टोक वर राहील अशा बेताने त्यावर नट आवळून घ्यावा, नाहीतर लांब बोल्ट पिळताना कॅमेऱ्याचा तळ फुटतो.