लाच मागितली? पैसे देण्याआधी १०६४ वर फोन करा

वारसाच्या फेरफार नोंदीसाठी तुम्ही चौथ्यांदा चावडीवर गेलात आणि "साहेबांचं काहीतरी बघा" असं ऐकून परत आलात, तर त्याच दिवशी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला (एसीबी) १०६४ वर कळवा. नुसती मागणी हाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ खाली गुन्हाच आहे. पैसे हातात पडेपर्यंत थांबायची गरज नाही.

तक्रार कोणालाही करता येते. तलाठी, पोलीस, अभियंता यांच्यासाठी पैसे मागणारा खासगी माणूसही यात अडकतो. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर सीबीआयकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. मात्र सापळा लावायचा, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडायचं, तर निनावी पत्र चालत नाही, तुम्हाला समोर यावं लागतं.

सोबत ओळखपत्र, अडलेल्या अर्जाची प्रत किंवा पोच, आणि कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲप मेसेज असतील तर तेही न्या. मूळ रेकॉर्डिंग फोनमधून पुसू नका. पुरावा नाही म्हणून घरी बसू नका; तो गोळा करणं विभागाचं काम आहे.

आधी पडताळणी होते. तुमच्याकडे रेकॉर्डर देतात, सोबत सरकारी पंच असतो. इथे एक गोष्ट जपा: आकडा लाच मागणाऱ्याच्या तोंडून येऊ द्या. आपणहून "किती देऊ?" म्हणत मागे लागलात, तर आरोपीला बचावासाठी मुद्दा मिळतो. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून त्यांना पावडर लावतात. त्याने मागितल्याशिवाय त्या नोटांना हात लावायचा नाही. ही पावडर फिनॉल्फथॅलिन नावाच्या रसायनाची असेल तर घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवताच पाणी गुलाबी होतं.

सापळ्यातली तुमची रक्कम सरकारकडून परत मिळते, आणि अडलेल्या रास्त कामाचा पाठपुरावाही विभाग करतो. पैसे बुडतील, काम अडून राहील, हीच भीती लोकांना सगळ्यात जास्त असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

पैसे आधीच दिलेत? २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण बळजबरीने द्यावे लागले असतील आणि ७ दिवसांत कळवलंत, तर तुम्हाला संरक्षण आहे. हे ७ दिवस वाया घालवू नका.

खटला उभा राहायला वेळ लागतो. तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही साक्षीचं समन्स आलं की जा, आणि जे घडलं तेच सांगा.